शिरोरेघ

सुटकेस बैठकीतच उघडली.
कागदाचे पुडे निघाले एकेक:
आत्याला तांब्याची किसणी, दातांवर कल्हई केलेली,
भाच्यांना चॉपस्टिक, ज्यांचे पाच मिनिटांत ताशे झाले,
आणि आईला लाकडी झाकण, पातेल्याहून लहान,
थेट रश्शावर तरंगणारं.
तीनदा समजावलं मी.
तीनदा तिनं विचारलं, "मापाचं नव्हतं का गं?"

तुपसमुंदर काका दारातूनच,
"जगात जर्मनी, भारतात परभणी,
आन् आता जपान आमच्या गल्लीत!"
चहा घेऊनच गेले.

सगळ्यात खाली, मोज्यांच्या घडीत,
सुरी.
ही तुमची, अण्णा.

"हातात देऊ नको. खाली ठेव."
ठेवली. मग उचलली त्यांनी फरशीवरून.
धार नाही पाहिली.
पात्यावरचं नाव पाहिलं, चष्मा कपाळावर ढकलून,
डोळ्याला लागेल इतकं जवळ.

एकेचाळीस वर्षं गुजरीतल्या दुकानांच्या पायरीवर
हा माणूस दुसऱ्यांची नावं घालतोय.
आधी टोचा-हातोडी, मग ते घुं घुं करणारं यंत्र.
चि. सौ. कां., सप्रेम भेट, कै. अमक्याच्या स्मरणार्थ,
हंड्यावर मामाचं, ताटावर मावशीचं,
एकदा तर भांडून वेगळ्या झालेल्या भावांचं
एकाच घंगाळावर, दोन बाजूंना.
आमच्या घरातल्या एकाही वाटीवर नाव नाही.
अण्णा म्हणतात, आपली आपल्याला वळखू येतात.

ओसाकातल्या भांड्यांच्या गल्लीत
मी ट्रेनिंगच्या शेवटच्या रविवारी फिरत होते.
दुकानदारानं विचारलं, काय चिरणार?
शेपूला काय म्हणतात मला कुठं ठाऊक,
फोनवर फोटो दाखवला.
तो हसला, मागून एक सुरी आणली,
आणि नाव घालायला म्हातारा बसला होता कोपऱ्यात,
मांडीवर पोतं, हातात छिन्नी.
मी कागदावर लिहून दिलं. धोंडीराम.
त्यानं कागद आधी उलटा धरला, मग सुलटा,
मग माझ्याकडं पाहिलं: वरची बाजू कुठली?
मी रेघेवर बोट ठेवलं.
त्यानं मान डोलावली
आणि सगळ्यात आधी ती रेघच ओढली.

"ह्यानं आधी रेघ मारली," अण्णा म्हणाले.
मी सांगितलं नव्हतं.
"कसं कळलं?"
"अक्षरं लोंबायलीत. बसली न्हाईत."
मग अंगठा फिरवला, हळू.
"आन् टिंब खाल्लं. धोडीराम झालाय मी."
खरंच. टिंब त्याला शाईचा डाग वाटला असेल.

"अक्षराचे किती घेतले?"
"काही नाही. सुरी घेतली की नाव फुकट."
"फुकट?"
हे मात्र त्यांना सहन झालं नाही.
"अन् मग त्याचं पोट?"
बराच वेळ तो म्हातारा आमच्या घरात
उपाशी बसून राहिला.

रात्री यंत्र लावलं त्यांनी, टिंबासाठी.
पोलाद कसलं ते! सुईच मोडली.
आईला आवाज ऐकू गेला, ती काही बोलली नाही.
सकाळी त्याच सुरीनं कोथिंबीर चिरत होती,
विळी भिंतीला टेकून,
"लई हलकी हाय, हातात हाय का न्हाय कळंना,"
आणि झाकण सांडशीनं वर काढत, "मापाचं आणायचं ना."

दुपारी डबा घेऊन गुजरीत गेले.
लग्नाचा तांब्या होता मांडीवर,
नवरीकडचे घाईत, उभेच.
नवी सुई बसवून अण्णांनी आधी
एक लांब रेघ ओढली रिकाम्या पितळेवर,
थांबले,
आणि तिच्याखाली एकेक अक्षर लावत गेले,
दोरीवर कपडे घालावेत तसं.
मग मागं सरून मान तिरकी केली.

टिंब मात्र दोनदा दिलं.